पाच दिवस आणि बेचाळीस रात्री

ठाण्यात जुन्या किल्ल्याचाच तुरुंग झाला, त्याला जमाना लोटला. कोर्टाकडे निघालेला माणूस त्या दगडी भिंतीकडे मान वर करूनही पाहत नाही. ‘श्यामची आई’चंही आपण तसंच केलंय. डोंबिवलीत घरोघरी या पुस्तकाची एक तरी विटकी प्रत सापडेल. पण हे कैद्यानं लिहिलेलं पुस्तक आहे, हे कुणाच्या ध्यानात असतं?

नाशिकचा तुरुंग, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३. सानेगुरुजी दिवसा काम करत आणि रात्री लिहीत. आता अनुक्रमणिका काढा. प्रकरणाला ‘प्रकरण’ म्हटलेलं नाही. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. आश्रमातली प्रार्थना आटोपली की श्याम मित्रांना आईची आठवण सांगतो, एवढीच चौकट. गज नाहीत, पहारेकरी नाही, सरकारला शिव्या नाहीत. लिहिणाऱ्याची खरी रात्र मात्र शीर्षकातून गुपचूप आत आली आहे. गुरुजींच्या ‘पत्री’तल्या कविता सरकारनं जप्त केल्या, या रात्रींच्या वाटेला कोणी गेलं नाही.

गुरुजी शब्द उधळतात, अश्रूही. ते मलाही कधीकधी जड जातं. म्हणून ‘अळणी भाजी’ ही रात्र पुन्हा वाचावी. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे. वडील पहिला घास घेतात आणि भाजीची तारीफ करतात. मग मुलांची काय बिशाद! वडिलांचा चांगुलपणा त्या एका तारिफेत मावतो.

हा आवर आला कुठून? मला वाटतं, ‘कुरल’मधून. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात, तमिळ कैद्यांच्या सहवासात, गुरुजींनी तिरुवळ्ळुवरांचा हा ग्रंथ मराठीत आणला. १३३० द्विपदी, आणि प्रत्येकीत पहिल्या ओळीत चार गण, दुसरीत तीन. सात पावलांत सगळा संसार. असं काही भाषांतर करणाऱ्याचा हात थोडा तरी आखडता होणारच.

आणि ‘अळणी भाजी’ची खरी नजाकत शेवटी आहे. पानावरचं कुणीच मिठाचं नाव काढत नाही. बाईमाणूस सगळ्यांच्या मागून जेवायचं, हा घरचा रिवाज. त्यावर गुरुजी टीकेचा एक शब्दही खर्चत नाहीत. सगळे जेवून उठतात. मग आई पान घेते, पहिला घास तोंडात जातो, आणि तेव्हा कुठे कळतं.