उन्मादाच्या निदानाचे पाठ

जुन्या कागदांवरून गतकालीन व्यक्तींच्या मानसिक व्याधींचें निदान करण्याची एक चाल अलीकडे संशोधकवर्गांत पडली आहे. एखाद्या बखरींत वा पत्रांत 'भ्रम झाला', 'वायु झाला', 'पिसें लागलें' असे शब्द आढळले, कीं लेखक त्यांपुढें 'स्किझोफ्रेनिया' किंवा 'बायपोलर विकार' हें नांव घालून मोकळा होतो. आणि हस्तलिखितांच्या याद्या करणारेहि भूतबाधेवरील बाडें 'मनोविकार' या सदराखालीं नोंदूं लागले आहेत. हें योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यापूर्वीं, ज्या ग्रंथांतून हीं नांवें उचललीं जातात त्यांचेंच परीक्षण व्हावयास हवें. आम्ही वैद्य नाहीं. परंतु निदानाचें पुस्तक हें अखेर पुस्तकच होय. त्यास कर्ते आहेत, संस्कर्ते आहेत, आवृत्त्या आहेत, मागाहून घातलेले व काढून टाकलेले भागहि आहेत. तेव्हां पोथी तपासण्याच्या ज्या कसोट्या आपणांस अवगत आहेत, त्या त्यास लावण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रथम घरचा ग्रंथ घेऊं. चरकसंहितेंत उन्मादाचें विवेचन दोन ठिकाणीं आहे : निदानस्थानाच्या सातव्या अध्यायांत व चिकित्सास्थानाच्या नवव्यांत. निदानस्थानांत उन्मादाचें जें लक्षण केलें आहे त्याची योग्यता आमच्या मतें फार मोठी आहे. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद. यांतील भक्ति म्हणजे देवभक्ति नव्हे. मनुष्याची आवड, ओढ. आतां एखाद्याची आवड फिरली किंवा शील पालटलें हें ओळखण्यास तें पूर्वीं कसें होतें हें ठाऊक असावें लागतें. म्हणजे हें लक्षण रोग्याकडे एक वेळ पाहून लावतां येण्याजोगें नाहीं. त्यास घरच्या माणसांची साक्ष लागते.

भेदांची संख्या चरक पांच सांगतो : तीन दोषांचे तीन, सन्निपाताचा एक आणि आगंतु एक. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत, बासष्टाव्या अध्यायांत, ती सहा होते. हा केवळ एकाचा फरक नव्हे. सुश्रुतानें आगंतु उन्माद या मोजणींतून काढला, ग्रहबाधेस साठावा अध्याय निराळा दिला, आणि रिकाम्या झालेल्या जागीं दोन नवे भेद बसविले, मानसदुःखाचा व विषाचा. वाग्भटानेंहि अष्टांगहृदयांत हीच वाट धरली. उत्तरस्थानाचे चौथा व पांचवा हे अध्याय भूतांस दिले आणि सहावा उन्मादास. म्हणजे भूतबाधा व उन्माद यांच्यामधली मेर आपल्याच शास्त्रांत एका ठिकाणीं स्थिर नव्हती. जो यादीकार दोहोंस एका सदरांत कोंबतो तो चरकाचा पक्ष घेतो आणि वाग्भटाचा पुसून टाकतो. आणि बहुधा आपण कोणाचा पक्ष घेतला याची त्यास वार्ताहि नसते.

दुसरी गोष्ट कर्तृत्वाची. संहितेचा अपुरा भाग दृढबलानें पुरा केला हें सर्वश्रुत आहे. चिकित्सास्थानांतील त्याचे अध्याय कोणते याविषयीं चक्रपाणिदत्तानें जी वांटणी सांगितली आहे, तीप्रमाणें उन्मादचिकित्सेचा अध्याय दृढबलाकडे जातो. ही वांटणी धरून दोन्ही अध्याय शेजारीं ठेवून वाचावे. यादवजी त्रिकमजी आचार्य यांची निर्णयसागरची १९४१ ची आवृत्ति या कामीं सोयीची आहे. निदानस्थानांतील अध्याय बजावून सांगतो कीं, देव, गंधर्व, पिशाच, राक्षस हे निर्दोष मनुष्यास पीडा देत नाहींत. दुःखाचें मूळ आपल्या प्रज्ञापराधांत आहे, त्याचा दोष देवांवर किंवा पितरांवर ढकलूं नये. चिकित्सास्थानांत पाहावें, तों कोणतें भूत कोणत्या स्वभावाच्या मनुष्यास, कोणत्या तिथीस धरतें याचा तपशील. दोन्ही ठिकाणचा सूर एक नाहीं. असें असतां 'चरक म्हणतो' एवढेंच लिहून कोणताहि एक उतारा देणें हें पाठचिकित्सेच्या दृष्टीनें शिथिल काम होय.

चिकित्सेचा हा अध्याय सर्वस्वीं गौरवास्पद आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. उन्मत्तास बांधून अंधाऱ्या खोलींत टाकणें, चाबकानें मारणें, दांत काढलेल्या सर्पाचें भय घालणें, हे उपायहि त्यांतच आहेत. परंतु त्याच अध्यायांत, प्रिय वस्तूच्या नाशानें ज्याचें मन हत झालें त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ति, सांत्वन व आश्वासन यांनीं शांत करावें, असेंहि सांगितलें आहे. हें वाक्य पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां आधुनिक ग्रंथ. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची, म्हणजे जिला डी. एस. एम. म्हणतात तिची, पहिली आवृत्ति १९५२ ची. पुढें १९६८, १९८०, १९८७, १९९४, २०००, २०१३ व २०२२ अशा आवृत्त्या व सुधारलेले पाठ निघाले. यांत १९८० ची तिसरी आवृत्ति ही खरी नवी संहिता. तिचा मुख्य संपादक रॉबर्ट स्पिट्झर. हिची गरज कां पडली हें समजण्यास १९७२ मध्यें प्रसिद्ध झालेलें न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णालयांचें तुलनात्मक संशोधन पाहावें. न्यूयॉर्कचे वैद्य स्किझोफ्रेनिया हें निदान फार करीत, लंडनचे पुष्कळ कमी, आणि मॅनिक-डिप्रेसिव्ह हें निदान अधिक. संशोधकांनीं दोन्हीकडील रोग्यांस एकाच पद्धतीनें प्रश्न विचारले तेव्हां हा भेद बहुतांशीं नाहींसा झाला. फरक रोग्यांत नव्हता, वैद्यांत होता.

यावर तिसऱ्या आवृत्तीनें काढलेला उपाय म्हणजे लक्षणांच्या मोजलेल्या याद्या. कारणांविषयींचे वाद बाजूस ठेवून, कोणासहि पाहतां येतील अशीं लक्षणें घालावीं आणि किती असलीं म्हणजे रोग म्हणावयाचा हें ठरवून टाकावें. उदाहरणार्थ, 'मेजर डिप्रेशन' या विकारास नऊ लक्षणांपैकीं पांच, तींहि दोन आठवडे, आणि त्यांत उदास मन किंवा सर्व गोष्टींतील रस जाणें यांपैकीं एक तरी अवश्य. युक्ति उत्तम आहे. तथापि बेरीज करून पाहिली तर नवांतील पांच एकाकडे व पांच दुसऱ्याकडे अशीं दोन माणसें एकाच नांवाखालीं येतील, आणि त्यांच्यांत समान लक्षण एकच असूं शकेल. शिवाय ज्या एकवाक्यतेसाठीं हा खटाटोप, ती तरी किती साधली? २०१३ च्या आवृत्तीपूर्वीं ज्या चांचण्या घेतल्या, त्यांत दोन वैद्यांचें मत जुळण्याचें माप, पूर्ण जुळल्यास १ व निव्वळ योगायोगास शून्य या प्रमाणावर, स्किझोफ्रेनियास ०.४६ आलें, मेजर डिप्रेशनला ०.२८. उदासीनता ही सर्वांच्या ओळखीची, म्हणून तिचें निदान सोपें असा आमचा समज होता. हे आंकडे पाहिल्यावर तो गेला.

या ग्रंथांतून एखादा रोग जातो कसा, हेंहि पाहण्यासारखें आहे. समलिंगी आकर्षण हें दुसऱ्या आवृत्तींत विकार म्हणून होतें. डिसेंबर १९७३ मध्यें संघाच्या विश्वस्तांनीं तें काढलें. कांहीं सभासदांनीं हरकत घेतल्यावरून १९७४ मध्यें सर्व सभासदांचें मत घेण्यांत आलें आणि ५,८५४ विरुद्ध ३,८१० मतांनीं निर्णय कायम झाला. निर्णय योग्य होता याविषयीं आम्हांस संदेह नाहीं. पण ज्या मनुष्याचा मृत्यु १९७२ मध्यें झाला तो कागदोपत्रीं रोगी म्हणून गेला, हेंहि खरें.

आतां मघांच्या वाक्याकडे वळूं. सुश्रुत व वाग्भट यांनीं शोकजन्य उन्माद निराळा मोजला तो कारणावरून. तिसऱ्या आवृत्तीनें कारणें सोडलीं तरी एक अपवाद ठेवला होता : आप्ताच्या मृत्यूनंतर मनुष्य शोकांत असेल तर सामान्यतः त्यास डिप्रेशनचा रोगी म्हणूं नये. १९९४ मध्यें या सवडीस दोन महिन्यांची मर्यादा होती. २०१३ मध्यें अपवादच काढून टाकण्यांत आला. अपवादामुळें खरोखर आजारी असलेला शोकार्त मनुष्य उपचारावांचून राहतो, असें काढणाऱ्यांचें म्हणणें होतें, व त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु बाहेर घातलेला शोक २०२२ च्या पाठांत दुसऱ्या दारानें परत आला. 'प्रदीर्घ शोक' हा स्वतंत्र विकार झाला, आणि मोठ्या माणसास त्याची अट बारा महिन्यांची. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंतचा काळ शोकाचा मानतात, त्याच्याशीं ही मुदत बरोबर जुळते, हें मौजेचें आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणांत, जें १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलें, हीच मर्यादा सहा महिने आहे. म्हणजे पति गेल्यावर आठव्या महिन्यांतहि जिचें दुःख तसेंच तीव्र आहे व जिला नित्याचे व्यवहार उमजत नाहींत, ती स्त्री एका पुस्तकाप्रमाणें या विकाराची रोगी ठरूं शकते, दुसऱ्याप्रमाणें अद्याप नाहीं. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचें तिसरें कलम निदानासाठीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत आवृत्तीचा नांवानिशीं उल्लेख करतें. तेव्हां आवृत्ति कोणती हा प्रश्न केवळ आमच्यासारख्या ग्रंथकीटकांचा राहिलेला नाहीं.

येथें घरची एक गोष्ट सांगतों. आमच्या मामांच्या पश्चात् त्यांच्या कागदांचा रुमाल आमच्याकडे आला. त्यांत तीन निदानपत्रें आहेत. १९७१ च्या पत्रांत स्किझोफ्रेनिया, १९८६ च्या पत्रांत मॅनिक-डिप्रेसिव्ह विकार, २००९ च्या पत्रांत बायपोलर विकार. मामांची तऱ्हा मात्र आम्हीं लहानपणापासून पाहिली ती एकच होती. कांहीं महिने झोंप नाहीं, रात्रभर मोठ्यानें पाठांतर, उधारीवर खरेदी. मग कांहीं महिने भिंतीकडे तोंड. वैद्यांस रोग कळला नाहीं असें आम्ही पुष्कळ वर्षें म्हणत असूं. आतां असें दिसतें कीं, दुसऱ्या व तिसऱ्या पत्रांत केवळ नांवाची आवृत्ति पालटली. पहिल्या व दुसऱ्यामध्यें मात्र अर्थच पालटला, आणि त्याबरोबर औषधहि. दुसऱ्या नांवासवें लिथियम आलें. उन्मत्तावस्थेवर त्याचा गुण ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं १९४९ मध्येंच प्रसिद्ध केला होता. त्यानंतर मामी बाजारांतील देणेकऱ्यांस चुकवून घरीं येत नसे. नांव हें नांवच, असें म्हणून निदानशास्त्राची थट्टा करणाऱ्यांबरोबर आम्हांस जातां येत नाहीं तें याच कारणानें. पंधरा वर्षें चुकीच्या नांवाखालीं गेलीं.

म्हणूनच मृतांच्या निदानाविषयीं आम्ही आग्रही आहोंत. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्यें शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून वारले. त्यांनीं बुद्ध्या उडी घेतली कीं ज्वराच्या भ्रमांत तोल गेला, हा वाद जुना आहे. 'वात झाला' हा मराठी प्रयोग ज्वरांतील बडबडीस व भ्रमास लावतात. तो रोगाचें कायम नांव नव्हे. त्यावरून, किंवा दरबारी पत्रांतील खिन्नतेच्या उल्लेखावरून, मेजर डिप्रेशन ठरविणाऱ्यानें नवांतील पांच लक्षणें व दोन आठवडे कोठून आणले? शिवाय वारसाच्या तंट्यांत ज्याचा त्याचा हितसंबंध गुंतला होता, हें ध्यानांत ठेवूनच त्या काळचे कागद वाचावे लागतात. चरकाची अट लावली तरी, पूर्वींचें शील जाणणारा निःपक्षपाती साक्षी हवा.

याच्या उलट उदाहरण ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचें. वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें त्यांचें चरित्र १९४४ मध्यें छापून निघालें. त्यांत साक्षींची वाण नाहीं. बाजारांतील माणसें, घरच्या बाया, सर्व त्यांच्या चेष्टितांविषयीं बोलतात, त्यांस वेडे म्हणतात, आणि त्याच वेळीं जेवूं घालतात, पायां पडतात. पिसा हा शब्द पिशाचापासून आला. पण त्या चरित्रांतील लोक त्याचा उच्चार करून वैद्यास किंवा मांत्रिकास बोलावीत नाहींत. तेथें वेड हें निदान नाहींच, तें संबोधन आहे. त्याचा अनुवाद रोगाच्या नांवानें करणारा मराठीहि चुकतो आणि वैद्यकहि.

आमच्या लहानशा संग्रहांत भूतबाधेवरील उताऱ्यांचें एक बाड आहे. त्यांतील श्लोक वाग्भटाच्या उत्तरस्थानांतले आहेत, मधून मधून मराठींत औषधें लिहिलीं आहेत. यादींत आम्हीं तें पूर्वीं मनोविकारांत घातलें होतें. ती नोंद खोडून आतां 'भूतविद्या, अष्टांगहृदय उत्तर ४ व ५ प्रमाणें' अशी केली आहे. मामांच्या रुमालावर तिन्ही नांवें सालांसह लिहून ठेवलीं आहेत, एकहि खोडलेलें नाहीं.