चष्मेवाला फौजदार

चष्मा लावणाऱ्या माणसाला सिनेमात फारशी बरी कामं मिळत नाहीत. तो एकतर विसराळू प्रोफेसर, नाहीतर हिशेबात घोळ घालणारा मुनीम, फार तर नायिकेने नाकारलेला वर. पोलिसात तर त्याला कोणी उभंच करत नाही. त्यामुळे शाळेपासून नाकावर भिंगं वागवणाऱ्या मला 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल' (१९९७) हा सिनेमा अगदी घरचा वाटतो. त्यातला एड एक्सली चक्क चष्म्यासकट डिटेक्टिव्ह व्हायला निघतो. वरिष्ठ डडली स्मिथ त्याला बजावतो, बाबा रे, आधी तो चष्मा काढ!

एवढ्यावर थांबेल तर तो साहेब कसला? तो आणखी तीन प्रश्न विचारतो. गुन्हेगार कोण हे ठाऊक असेल, तर त्याच्यावर पुरावा पेरशील? बडवून कबुली घेशील? सराईत गुंडाला पाठीत गोळी घालशील? एक्सली तिन्ही वेळा 'नाही' म्हणतो. मला तर पहिल्या 'नाही'लाच घाम फुटला असता.

कर्टिस हॅन्सनने जेम्स एलरॉयच्या कादंबरीवरून काढलेल्या या सिनेमातलं लॉस एंजेलिस १९५०नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं. बाहेर लख्ख ऊन आणि नट्या; आत सगळा कुबट वास. एक्सलीच्या जोडीला आणखी दोघे. बड व्हाइट हा बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना मारतो. (हे खातं आपल्याकडेही उघडायला हरकत नाही.) जॅक व्हिन्सेन्स टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेचा सल्लागार, याच्या अटकेला वॉरंट नसलं तरी चालेल, फोटोग्राफर हवा! मिकी कोहेन नावाचा, खरोखर होऊन गेलेला, गुंड तुरुंगात जातो आणि त्याची गादी रिकामी पडते. त्या गादीवर कोण बसू पाहतो? आपले डडलीसाहेब. गुपित फोडलं म्हणून रागावू नका. १९९७ सालचं गुपित अजून पोटात ठेवायला मी काही त्यांचा वकील नाही.

शेवटी एक्सली डडलीला गोळी घालतो. पाठीत.

इथे मला १९८३चा 'अर्धसत्य' आठवतो. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातला वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःच्या पायांनी चौकीत हजर होतो. एक्सलीही सगळं खरं सांगतो. पण ते ऐकून काचेपलीकडचे साहेब लोक हिशेब मांडतात. डडली हुतात्मा ठरला, तर खात्याची अब्रू वाचते! आणि एक्सलीला? पदक. तो ते घेतोही, अगदी हसत. ओम पुरीचा चेहरा पाहून मी सुन्न झालो होतो. या हसण्याने मात्र धास्तावलो. कारण माणूस आपला वाटत होता.

बड व्हाइट तेवढा जखमी तोंडाला पट्ट्या बांधून मैत्रिणीबरोबर मोटारीने ॲरिझोनाला निघून जातो. जाताना एक अक्षर बोलत नाही. बहुधा म्हणूनच त्याला जाऊ देतात.