हंगामारंभीचे प्रयोग व पहिले मत

दिवाळी सरली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत झाडीपट्टी नाटकांचा हंगाम उघडतो. वडसा येथील मंडळ्या नवी नाटके घेऊन निघतात. मंडईनिमित्त गावोगाव रात्रभर प्रयोग रंगतात. आयुध निर्माणीचे जवाहरनगर ह्या पट्ट्याच्या नागपूरकडील काठावर वसले आहे. तेथून पाहणाऱ्याच्या हाती नागर रंगभूमीचे मापही सहज येते, आणि पहिल्याच प्रयोगावर निर्णय दिला जातो: गाणी कथेला अडवितात, विनोद उपरा वाटतो, करुणरस अतिरेकी होतो.

हे आक्षेप खोटे नव्हेत. परंतु त्यांची प्रतवारी केली पाहिजे. जपानी ॲनिमे मालिकांचे नवे हंगाम वर्षातून चारदा सुरू होतात. तेथे पहिल्या भागाचे चित्रण पूर्ण झालेले असते, कथा मात्र अपुरी असते. झाडीपट्टीत नेमके उलट घडते: कथा पहिल्याच रात्री संपूर्ण कळते, प्रयोग मात्र घडतच असतो. लांबलेला विनोद व सैल संवाद प्रेक्षकांच्या प्रतिसादाने आटोपशीर होऊ शकतात. योगायोगाने सोडविलेला संघर्ष मात्र शंभराव्या प्रयोगातही तसाच राहतो.

म्हणून रचनेविषयीचे मत प्रथमदर्शनीच निःसंकोच मांडावे. अभिनय व गती ह्यांविषयीचे मत हंगामाच्या मध्यावर पुन्हा पाहून द्यावे. परशुराम खुणे ह्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा गौरवाने ह्या रंगभूमीकडे लक्ष वेधले जाते, परंतु समीक्षेचे कर्तव्य फिटत नाही.