बारा नंबरचा मॅग्नेट्रॉन

कलाकृतीचे रसग्रहण करताना आपण आधी तिचे रूप न्याहाळतो आणि मग अर्थाकडे वळतो. युद्धसामग्रीच्या वाट्याला असे पाहणे सहसा येत नाही. सप्टेंबर 1940 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत पोचलेला बारा नंबरचा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन मात्र त्या नजरेचा मान मागतो. तळहातावर मावणारी ही तांब्याची वस्तू जितकी निरखावी तितकी उलगडत जाते.

आधी रूप. तांब्याचा एक भरीव ठोकळा, त्याच्या मधोमध गोल पोकळी. पोकळीभोवती सारख्या अंतरावर कोरलेली आठ भोके; प्रत्येक भोक अरुंद चिरेने मधल्या पोकळीत उघडणारे. केंद्रस्थानी कॅथोड आणि बाहेरून चुंबकाची पकड. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्याच्या भिंतीकडे धाव घेतात, पण चुंबक त्यांची वाट वाकवतो आणि ते कॅथोडभोवती गरगरू लागतात. फिरता फिरता ते त्या चिरांवरून जातात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर गेली की बाटली घुमते, तशी ती भोके विद्युतलहरींनी घुमू लागतात. सूर कोणता लागायचा हे भोकांच्या मापानेच ठरते. घडणीतला एकही भाग शोभेचा नाही. जो ठोकळा लहर जन्माला घालतो, तोच तिची उष्णताही वाहून नेतो. म्हणून एवढ्याशा वस्तूला किलोवॉटच्या घरातली ताकद पेलते.

आणि सूर होता सुमारे 10 सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची ‘चेन होम’ रडार यंत्रणा दहा-बारा मीटरच्या लहरींवर चाले आणि तिच्यासाठी 360 फूट उंचीचे मनोरे उभारावे लागत. विमानातली रडार दीड मीटरच्या लहरीवर चालत. त्यांचा झोत इतका पसरे की जमिनीवरून परतणारा प्रतिध्वनीच पडदा भरून टाकी. 10 सेंटिमीटरच्या लहरीचा अरुंद झोत मात्र विमानाच्या नाकात बसणाऱ्या लहानशा तबकडीतून फेकता येई. समुद्रावर डोकावणारा पाणबुडीचा पेरिस्कोपही त्याच्या टप्प्यात आला.

आता कर्तृत्व. बारा नंबरवर एका देशाची सही करता येत नाही. मॅग्नेट्रॉनची मूळ कल्पना 1920 च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट हल यांनी मांडली. घुमणाऱ्या पोकळ्यांची जोड तिला बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी दिली. त्यांचे यंत्र 21 फेब्रुवारी 1940 रोजी पहिल्यांदा चालले. ते होते प्रयोगशाळेतले अवजड धूड, सतत हवा उपसणाऱ्या पंपाला जोडलेले. वेम्ब्लीच्या जी.ई.सी. प्रयोगशाळेत एरिक मेगॉ यांनी ते विमानात नेता येईल असे सुटसुटीत आणि हवाबंद केले. मे 1940 च्या सुरुवातीला मॉरिस पाँट हे फ्रेंच संशोधक पॅरिसहून आपले मॅग्नेट्रॉन घेऊन याच प्रयोगशाळेत आले. त्यांच्या कॅथोडवर ऑक्साइडचा लेप होता आणि त्यामुळे ताकद पुष्कळ वाढत होती. मेगॉंनी तो आपल्या रचनेत घेतला. त्याच आठवड्यात जर्मन फौजा फ्रान्सवर चालून गेल्या. पुढच्या महिन्यात पॅरिस पडले. फ्रान्स हरला, पण त्याच्या प्रयोगशाळेतले ज्ञान वेम्ब्लीच्या तांब्यात लढत राहिले.

आशयाचा गाभा मात्र प्रवासात आहे. तेव्हा अमेरिका तटस्थ होती. अशा देशाला आपली सर्वांत मोलाची गुपिते द्यायची, तर बदल्यात काही पदरात पाडून घ्यावे, असे लंडनमध्ये अनेकांना वाटे. ब्रिटिश शास्त्रज्ञ सर हेन्री टिझार्ड यांचा आग्रह होता की आधी देऊन टाकावे. कचरणाऱ्या चर्चिल यांनी अखेर मान्यता दिली. ‘डचेस ऑफ रिचमंड’ या जहाजाने टिझार्ड यांचे शिष्टमंडळ कॅनडातल्या हॅलिफॅक्सला उतरले. सामानात जेट इंजिनाची आणि लक्ष्याजवळ पोचताच स्फोट घडवणाऱ्या प्रॉक्झिमिटी फ्यूजची माहिती होती. काळ्या पत्र्याच्या पेटीत हा मॅग्नेट्रॉन होता.

वॉशिंग्टनच्या चर्चांतला क्षण मला या साऱ्याचा उत्कर्षबिंदू वाटतो. 10 सेंटिमीटरच्या लहरी हव्यात हे अमेरिकनांनाही कळले होते. पण पुरेशा ताकदीने त्या निर्माण करता येत नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ब्रिटिशांकडे साधन होते, पण युद्धाने पिळून काढलेल्या देशात ते हवे तितके बनवायला कारखान्यांची ताकद उरली नव्हती. दोघांनीही आपापली उणीव टेबलावर ठेवली, तेव्हाच पेटी उघडण्याला अर्थ आला.

पुढे पाठभेदाचा एक सुंदर प्रसंग घडतो. ऑक्टोबरात बेल लॅबमध्ये चाचणी झाली आणि सुमारे 10 किलोवॉट ताकद मिळाली. नक्कल करण्याआधी तिथल्या अभियंत्यांनी वस्तूचा एक्स-रे काढला. सोबतच्या आराखड्यात सहा भोके, एक्स-रेच्या चित्रात आठ! पेटी घेऊन आलेले वेल्श शास्त्रज्ञ एडवर्ड बोवेन यांनी इंग्लंडला फोन लावला. मेगॉंनी उलगडा केला: बारांपैकी पहिले दहा नग सहा भोकांचे, अकरावा सातांचा आणि बारावा आठांचा होता. अमेरिकनांनी हाती आलेली आठांची प्रतच पुढे चालवली. फसवणुकीचा संशय यायला आराखड्यातली ती तफावत पुरेशी होती. एका फोनवर तो मिटला, यातच त्या विश्वासाची प्रत कळते.

फळ भरघोस आले. अशा रडारसाठी एम.आय.टी.मध्ये उभ्या राहिलेल्या रेडिएशन लॅबोरेटरीत युद्धाच्या अखेरीस सुमारे 4000 माणसे काम करत होती. मे 1943 मध्ये अटलांटिकच्या लढाईत जर्मनीने चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्या. त्यात सांकेतिक संदेशांची उकल, लांब पल्ल्याची विमाने आणि नौदलाचे ताफे यांचा वाटा होता, तसाच 10 सेंटिमीटरच्या लहरींवरील रडारचाही होता.

विश्वासाची ही पातळी आपोआप टिकत नाही. 1946 च्या मॅकमहॉन कायद्याने अमेरिकेने अणुज्ञानाचे दार ब्रिटनलाही बंद केले. ते पुन्हा उघडायला 1958 चा करार लागला. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी 2021 मध्ये ‘ऑकस’ ही सुरक्षा भागीदारी जाहीर केली. क्वांटम, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि हायपरसॉनिक तंत्रज्ञान एकत्र विकसित करणे हा तिचा एक भाग. तरी आपसांतले निर्यातीचे निर्बंध सैल व्हायला 2024 उजाडले. या तिघांमध्येही वेळ कायद्याच्या गाठी सोडवण्यात गेला.

म्हणून बारा नंबरचा मॅग्नेट्रॉन मला मित्रराष्ट्रांच्या तंत्रसहकार्यातली सर्वश्रेष्ठ कृती वाटतो. आपल्याजवळ काय आहे हे मित्राला दाखवणे तुलनेने सोपे असते. आपल्याजवळ काय नाही हे सांगायला जास्त धैर्य लागते, आणि संयुक्त संशोधनाची प्रत्येक योजना मी त्याच कसोटीवर घासून पाहीन.