तहानेची प्रयोगवही

स्टीव्हन कॅलाहन यांचे ‘अड्रिफ्ट’ (१९८६) हे पुस्तक बहुधा धाडसकथा म्हणून वाचले जाते. फेब्रुवारी १९८२ मध्ये कॅनरी बेटांच्या पश्चिमेस त्यांची स्वतः बांधलेली, साडेसहा मीटर लांबीची नौका बुडाली आणि हा एकटा खलाशी रबरी तराफ्यावर ७६ दिवस अटलांटिकमध्ये वाहत राहिला. धैर्य तर यात आहेच; मला मात्र हे पुस्तक प्रयोगवहीसारखे वाटले.

पाण्याचेच पाहा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतके खारट मूत्र आपली मूत्रपिंडे तयार करू शकत नाहीत. त्यामुळे ते पाणी प्यायल्यास मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीरातले आणखी पाणी खर्ची पडते. कॅलाहन यांच्याजवळ फुगवायची सौर ऊर्ध्वपातन यंत्रे होती, पण ती नीट चालेनात. तेव्हा त्यांनी त्यातले एक चक्क कापून पाहिले. ऐन तहानेत! आतले काळे कापड सतत ओले राहिले पाहिजे, वाफेचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगावरून ओघळून खाली साचले पाहिजेत, आणि त्यात खारे पाणी मिसळता कामा नये. उरलेल्या दोन यंत्रांचे व पावसाचे मिळून दिवसाकाठी जेमतेम अर्धा लिटर पाणी मिळे. बाष्पीभवन आणि संघनन आपण दरवर्षी शिकवतो. ही पाने वर्गात वाचून दाखवली तर फळ्यावरच्या आकृतीतला प्रत्येक बाण मुले तपासून पाहतील.

पेन्सिली बांधून केलेल्या कोनमापकाने ध्रुवताऱ्याची उंची मोजून अक्षांश काढण्याचा भागही असाच. लेखकाने स्वतः काढलेली रेखाचित्रे येथे फार उपयोगी पडतात.

तराफ्याभोवतीच्या डोराडो माशांना सोबती मानणारी वर्णने मात्र मला आधी भाबडी वाटली. ज्यांना भाल्याने मारून खायचे त्यांच्याशी कसली मैत्री? शिवाय अशाच एका माशात अडकलेल्या भाल्याने तराफा फाटला, आणि तो दुरुस्त करण्यात दहा दिवस गेले. पुन्हा वाचताना लक्षात आले की, या भाबडेपणाआड काटेकोर निरीक्षण आहे. तराफ्याच्या तळाला बार्नॅकल चिकटले, आसपास मासे जमले, माशांवर पक्षी आले. एक अन्नसाखळीच त्यांच्याबरोबर वाहत होती.

२१ एप्रिल रोजी ग्वादलूपजवळच्या मारी-गालांत बेटाचे कोळी तेथे आले, ते घिरट्या घालणारे पक्षी पाहून. कॅलाहन यांनी त्यांना आधी मासेमारी उरकून घ्यायला सांगितले.