आताकामाची वाळू आणि आताकामाचे आकाश

पात्रिसिओ गुझमान यांच्या 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' (२०१०) ह्या माहितीपटाला त्याच वर्षी युरोपियन चित्रपट पुरस्कार लाभला. त्याचे सौंदर्य वादातीत आहे. मात्र एवढे सौंदर्य एका भीषण अपराधाच्या कथेला पेलते काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

चिलीमधील आताकामा हे अत्यंत कोरडे वाळवंट. हवेत ओलावा नाही, म्हणून आकाश निर्मळ दिसते आणि मोठमोठ्या दुर्बिणी तेथे उभ्या आहेत. त्याच कोरडेपणामुळे जमिनीत पुरलेले प्रेत लवकर नष्ट होत नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. पुढे जनरल पिनोशे यांच्या राजवटीत मारलेल्या कित्येकांना ह्याच वाळवंटात गुपचूप पुरण्यात आले. कालामा शहरातील स्त्रिया हाती फावडी घेऊन वर्षानुवर्षे तेथे आपल्या माणसांची हाडे शोधत राहिल्या.

गुझमान हे दोन शोध शेजारी-शेजारी मांडतात. खगोलशास्त्रज्ञ गास्पार गालास सांगतात की, आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रत्येक प्रकाश भूतकाळातीलच असतो. पुरातत्त्वज्ञ लाउतारो नुन्येस यांची खंत अशी की, दूरचा भूतकाळ आपण जपतो आणि अगदी जवळचा दडवून ठेवतो. बंदिछावण्या पावलांनी मोजून, त्यांचे आराखडे स्मरणात साठवून, पुढे ते कागदावर उतरवणारे वास्तुविशारद मिगेल लावनेर येथे भेटतात. त्यांच्या पत्नीची स्मृती मात्र आजाराने हरपत चालली आहे. असे प्रसंग निवेदनाविनाही बोलके झाले असते.

आमचा आक्षेप आहे तो एका रूपकाला. ताऱ्यांत आणि आपल्या हाडांत एकच कॅल्शियम आहे, असे चित्रपट सुचवतो. कवटीचा पृष्ठभाग ग्रहासारखा दाखवतो. विज्ञान म्हणून हे खरे आहे. परंतु तारा निसर्गनियमाने विझतो, तर ह्या माणसांना कोणाच्या तरी हुकमाने मारले गेले. विश्वाच्या अफाटपणात तो हुकूम लहान दिसू लागला, तर सांत्वन अपराध्याच्याही वाट्याला जाते.

ह्या धोक्यातून चित्रपटाला सोडवतात त्या कालामाच्या स्त्रियाच. त्यांपैकी व्हिओलेता बेरीओस ह्यांना आपल्या माणसाचा एखादा अवशेष मान्य नाही. त्याला सबंध नेले, तर तो सबंधच परत हवा, असा त्यांचा हट्ट आहे. आपल्या मृतांना मूठमाती देऊन दरवर्षी कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा हट्ट समजावून सांगावा लागणार नाही. रूपक जेथे सर्व काही एकरूप करू पाहते, तेथे ही बाई एका माणसाचा हिशेब मागते.

गुझमान यांना हे ठाऊक नसेल असे नाही. 'द बॅटल ऑफ चिली'चे चित्रण त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह, क्रिस मार्कर यांनी पाठवलेल्या फिल्मवर केले. सत्तापालटानंतर त्यांना राष्ट्रीय क्रीडागारात डांबण्यात आले. त्यांचे छायाचित्रकार होर्हे म्युलर सिल्वा यांना १९७४ मध्ये पकडून नेले. ते कधीच परतले नाहीत. असा दिग्दर्शक सौंदर्याकडे पळवाट म्हणून वळला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही अखेरीस त्या स्त्रिया दुर्बिणीला डोळा लावतात, तेव्हा प्रेक्षकाने त्यांच्या हातातले फावडे विसरू नये, असे आम्हांस वाटते. आकाश पाहून झाल्यावरही त्यांची माणसे सापडायची राहिलीच होती.