खंजिरीच्या दोन भाषा : तुकडोजी महाराजांच्या पदरचनेविषयी एक विचार

१

तुकडोजी महाराजांविषयी (१९०९-१९६८) मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातले बहुतेक लेखन चरित्रपर, गौरवपर किंवा समाजसुधारणेच्या अंगाने केलेले आहे. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी दिलेली ‘राष्ट्रसंत’ ही उपाधी त्यांच्या नावाला इतकी चिकटली आहे, की तिच्यामागचा पद रचणारा आणि गाणारा माणूस जवळजवळ दिसेनासा झाला आहे. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाच्या नावात असलेला हा कवी वाङ्मयाभ्यासाचा विषय मात्र क्वचितच होतो, आणि झालाच तर तो ‘ग्रामगीता’कार म्हणून होतो.

या उपेक्षेचे एक कारण सहज सांगितले जाते : ही रचना भक्तिपर आणि उपदेशपर आहे, म्हणून ती आधुनिक साहित्यविचाराच्या कक्षेत येत नाही. प्रस्तुत लेखकाला हे कारण अपुरे वाटते. खरी अडचण अशी, की या कवीने आयुष्यभर दोन भाषांत पदे रचली आणि ती स्वतः खंजिरीवर गाऊन लोकांपुढे ठेवली. आपली समीक्षा मात्र एकभाषिक आणि छापील संहितेवर विसंबणारी आहे. मराठी वाङ्मयेतिहासाला त्यांची हिंदी पदे आपली वाटत नाहीत. हिंदी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ते मराठी संत आहेत. ‘लहरकी बरखा’सारखा संग्रह अशा रीतीने दोन्ही घरचा पाहुणा होऊन बसतो. मराठी संतांच्या हिंदी रचनेचा शोध विनयमोहन शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी घेतला. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु विसाव्या शतकातल्या द्वैभाषिक पदकाराकडे पाहण्याची दृष्टी आपण त्यातून घडवलेली नाही.

२

तुकडोजींच्या द्वैभाषिकतेचा विचार करताना आधी वऱ्हाडचा भाषिक भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे माणिक बंडोजी इंगळे या नावाने जन्मलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले; ‘तुकड्या’ हे नाव तिथले आणि ‘तुकड्यादास’ ही पदांतली नाममुद्राही त्यातूनच आलेली. अशा अल्पशिक्षित मुलाला हिंदी कोठून मिळाली, हा प्रश्न वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला पडेल. वऱ्हाडातल्या वाचकाला तो पडणार नाही. अचलपूर-बाळापूरच्या मुसलमानी अमलाचा वारसा, अकोला-अमरावतीच्या कापूसबाजारातला व्यापारी आणि हमाल, रेल्वे, फकीर-बैराग्यांची ये-जा यांमुळे येथे हिंदी ही शाळेत शिकण्याची भाषा होण्यापूर्वीच कानावर पडणारी भाषा होती. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ साली तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मराठी-हिंदी प्रांताचा भाग राहिला. तुकडोजींचा बहुतेक सारा रचनाकाळ या द्वैभाषिक प्रांतात गेला आहे. तेव्हा त्यांची हिंदी ही प्रचारासाठी पत्करलेली परभाषा नव्हे. ती याच भूमीची दुसरी भाषा आहे. खडी बोलीच्या शिष्ट व्याकरणाने तिचे लिंगवचन तपासू गेल्यास ती अनेकदा सदोष ठरेल, पण ते मापच तिला लागू नाही.

३

येथे एक सोपी विभागणी सुचते : हिंदी पदे देशासाठी, मराठी पदे गावासाठी. १९५५ हे वर्ष तर या विभागणीचा पुरावाच वाटते. त्या वर्षी तुकडोजी जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेले आणि खंजिरी घेऊन तेथे गायिले. त्याच वर्षी ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ मराठी ओवीत प्रसिद्ध झाली. एकीकडे सर्व देशांत आणि सर्व वेषांत एकच तत्त्व पाहणारी हिंदी पदरचना, दुसरीकडे ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती अशा विषयांचा मराठी ओवीबद्ध विचार. आवाजाची एक टोकाची झेप आणि एक टोकाची जवळीक एकाच वर्षात भेटतात.

परंतु ही विभागणी १९४२ च्या पदांपाशी मोडते. चिमूर, आष्टी, बेनोडा आणि खुद्द यावली येथील उठावांशी तुकडोजींच्या भजनांचा संबंध सर्वश्रुत आहे; २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. या उठावाशी निगडित असलेले त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पद, म्हणजे निःशस्त्र गावाच्या हाताशी असलेल्या साध्या वस्तूंनाच शस्त्राचे रूप देणारे पद, हिंदीत आहे. ते ऐकणारे गावकरी मात्र मराठी बोलणारे होते. कळावे म्हणून भाषा निवडायची असती तर येथे मराठीच निवडावी लागली असती.

मग हिंदी का? प्रस्तुत लेखकाच्या मते, तुकडोजींच्या रचनेत भाषेची निवड श्रोता कोणती भाषा बोलतो यावर ठरत नाही. श्रोत्याला कोणत्या नात्याने उभे करायचे आहे, यावर ती ठरते. चिमूरच्या शेतकऱ्याला हिंदी पदाने संबोधले जाते तेव्हा तो चिमूरचा राहत नाही. आपल्यासारखेच इतर असंख्य लोक हेच गात आहेत, या जाणिवेत तो शिरतो. अर्थ पूर्ण उलगडण्याआधीच भाषेने त्याला गावाबाहेर नेलेले असते. याच श्रोत्याला मराठी पदाने संबोधले जाते तेव्हा उलटे घडते. मनात भाव नसताना नवस बोलणाऱ्याची थट्टा करणारे पद घ्या, किंवा झोपडीतल्या सुखापुढे महालाला उणे ठरवणारे पद घ्या : दोन्ही ठिकाणी श्रोता आपल्या घरात, आपल्या सवयींसमोर, एकटा पकडला जातो. मराठीत तुकडोजी टोचतात, चिमटा घेतात, समजूत घालतात. हिंदीत ते हाक देतात. एकच माणूस दोन नात्यांनी बोलत असल्यामुळे श्रोत्याला हाकेतला फुगीरपणा जाणवत नाही आणि टोचण्यातला कडवटपणाही बाधत नाही.

४

या दोन भाषांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट मात्र संहितेत नाही. ती खंजिरीत आहे. त्यांच्या भजनांच्या छापील पुस्तकांत अनेक पदांच्या डोक्यावर ‘तर्ज’ दिलेली असते : पद कोणत्या चालीवर म्हणायचे याची ती सूचना. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही सूचना अवांतर वाटते आणि तो खालच्या शब्दांकडे वळतो. वास्तविक तर्ज हीच या रचनेची पहिली ओळ आहे. श्रोत्याच्या ओळखीची चाल आधी येते, त्या चालीत मराठी बसते तशी हिंदीही बसते, आणि भजनमंडळातला माणूस एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना अडखळत नाही. अमरावतीच्याच सुरेश भटांनी (१९३२-२००३) उर्दूतला गझलेचा आकृतिबंध मराठीत रुजवला. तेथे एका भाषेचे रूप दुसरीने आत्मसात केले. तुकडोजींकडे रूप सामाईक राहते आणि भाषा बदलतात. या दोन प्रक्रियांमधला भेद वऱ्हाडच्या काव्यपरंपरेच्या अभ्यासात अधोरेखित व्हायला हवा.

अर्थात यामुळे सारी रचना सारख्या मोलाची ठरत नाही. तुकडोजींनी विपुल लिहिले आणि विपुलतेची किंमतही त्यांनी मोजली आहे. हिंदी पदांतला मोठा भाग ‘देश’, ‘धर्म’, ‘सेवा’, ‘वीर’ अशा सर्वसाधारण शब्दांच्या फेऱ्यात सापडतो. हाक द्यायची सवय झाली की कशासाठी हाक द्यायची, हे ठसठशीत उरत नाही. चीन आणि पाकिस्तान युद्धांच्या काळात, १९६२ आणि १९६५ साली, ते जवानांना धीर देण्यासाठी सीमेवर गेले. या त्यांच्या भूमिकेचे ऐतिहासिक मोल वेगळे आणि अशा प्रसंगी उपयोगी पडणाऱ्या पदांचे काव्यमूल्य वेगळे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ‘ग्रामगीते’तही काही अध्यायांत ओवी ही केवळ सूचनांची वाहक होते. पण जेथे हाकेला गावातल्या एखाद्या वस्तूचा आधार मिळतो (१९४२ च्या पदात तो मिळाला आहे) तेथे हिंदी पदही मराठी पदाइतके सघन होते. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा निकष म्हणून भाषेपेक्षा हा आधार पाहणे अधिक उचित होईल.

५

शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा तिसऱ्या भाषेचा. तुकडोजी ज्या घरात वाढले तेथे ‘मला’ असे कोणी म्हणत नसे, ‘मले’ म्हणत. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. नवसाच्या थट्टेचे त्यांचे प्रसिद्ध पद मात्र ‘मला’ म्हणते, आणि ‘ग्रामगीता’ जुन्या ओवीवळणाच्या ग्रांथिक मराठीत आहे. याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी वाढलेले गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांनी वेगळा मार्ग धरला : त्यांचे कीर्तन वऱ्हाडीत, सवालजवाबात चाले, आणि त्यांनी लिहून काहीच ठेवले नाही. एकाने बोली राखली आणि लेखन सोडले. दुसऱ्याने लेखन धरले आणि बोली मागे ठेवली. पुढे अकोल्याच्या विठ्ठल वाघांसारख्या कवींनी वऱ्हाडीला छापील कवितेत स्थान मिळवून दिले, तेव्हा बोली आणि लेखन यांतली ही फारकत कमी झाली.

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादी मांडणीच्या आधारे तुकडोजींना देशी परंपरेचे प्रतिनिधी म्हणणे सोपे आहे. पण देशी म्हणजे कोणती भाषा, असा प्रश्न विचारताच हे सोपेपण संपते. त्यांनी दोन लेखनभाषा कमावल्या आणि त्या कमाईसाठी घरची भाषा गायनात आणि उच्चारात तेवढी शिल्लक ठेवली. हा व्यय नोंदवल्याशिवाय त्यांच्या द्वैभाषिकतेचा गौरव अर्धवट राहील.

यासाठी काही कामे तातडीची आहेत. मराठी आणि हिंदी पदे वेगवेगळ्या पुस्तकांत न विभागता रचनाक्रमाने एकत्र आणणारी, तर्ज आणि पाठभेद नोंदवणारी चिकित्सक आवृत्ती व्हायला हवी. गावोगावच्या खंजिरी भजनमंडळांतील जुन्या गायकांचे उच्चार ध्वनिमुद्रित व्हायला हवेत. छापील ‘मला’ गाताना कोठे कोठे ‘मले’ होतो, हे तेथेच कळेल. तोपर्यंत आपण तुकडोजींची केवळ मराठी पदे वाचत राहिलो, तर ती हितोपदेशाची पदे वाटतील. कारण ज्या हिंदी हाकेशी त्यांचा संवाद चालला होता, ती हाक आपण आधीच बाजूला काढून ठेवलेली असेल.